खुडूक राजा

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. एकदा त्याची शिकार हुकली, पोटात कावळे कोकलू लागले, म्हणून तो ठमाबाईच्या झोपडीत शिरला आणि तिची एकुलती एक कोंबडी टोपलीतून उचलली. ठमाबाईनं हात जोडले. म्हणाली, ती आजच उबवणीला बसलीय, खाली अकरा अंडी आहेत. अंड्यांवरची कोंबडी उठवू नये, हा वाडवडिलांचा नेम. पण राजा ऐकतोय कसला! तेव्हा कोंबडीच मान वळवून बोलली, "मला उठवलंस, आता तू बैस."

झालं! राजा उबवणीच्या कोंबडीसारखा खुडूक झाला. अंगरखा फुगवून टोपलीत बसला आणि जवळ येईल त्याला नाकानं टोचू लागला. एकही अंडं फुटलं नाही, शापाची तेवढी दया. राजाला शोधत प्रधानजी आले, त्यांनी कोंबडी पिंजऱ्यात कोंडली आणि ठमाबाईला बजावलं, "महाराज ताळ्यावर आले तर कोंबडी तुझी. नाहीतर मुदपाकखान्याची."

ठमाबाई कामाला लागली. खुडूक उठवायचे उपाय तीन, तिनं तिन्ही केले. राजाला गार पाण्यात बुचकळलं, तो निथळत परत टोपलीत. नाकात पीस घातलं, तर शिंकेनं प्रधानजींची पगडी उडाली, राजा ढिम्म. डालग्याखाली झाकलं, तर डालग्यासकट चालत आला.

तेव्हा ठमाबाईनं कपाळावर हात मारला. मेलं माझंच चुकलं, म्हणाली. हे उपाय रिकाम्या बसणारीचे, याच्याखाली तर अंडी आहेत! मग तिनं सगळं रीतसर केलं. विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत कोळसा आणि खिळा ठेवला, राजापुढे कण्या टाकल्या. दरबार झोपडीसमोर भरू लागला. राजा कुक्‌कुक् करी, प्रधानजी अर्थ लावत, आणि कारभार पहिल्यापेक्षा बरा चालतो असं लोक म्हणत.

एकविसाव्या दिवशी कवचं टिचली. अकराच्या अकरा पिल्लं! शाप फिटला, राजा माणसासारखा बोलू लागला. पिल्लं त्याच्या खांद्यावर चढली, मिशीत चोची खुपसू लागली. प्रधानजींनी शब्द पाळून पिंजरा उघडला. कोंबडीनं एकच साद घातली, तशी सगळी पिल्लं तुरुतुरु उतरून तिच्या पंखाखाली गेली.

राजानं हात जोडले. "ठमाबाई, एक तरी दे. मी ऊब दिलीय त्यांना."

"महाराज, आईखालचं काढून कसं देऊ?"

राजानं मान खाली घातली आणि राजवाड्याची वाट धरली. पुढं मात्र दर बाजारच्या दिवशी तो ओंजळभर दाणे घेऊन येई, अंगणात थांबे, आणि कोंबडीनं बघून घेतल्यावरच पिल्लांजवळ बसे. ठमाबाईची पिल्लं सुखरूप वाढली, तशी तुमच्या अंगणातली वाढोत.