ठकूबाई आणि काचेच्या हौदातली तपकीर

डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीच्या काठी, फार फार वर्षांमागे, एक लहानसं राज्य होतं. तिथल्या राजमहालात भांडी उजळणारी एक बाई होती. तिचं नाव ठकूबाई. चिंच आणि राख घेऊन ती बसली की काळवंडलेलं तामणसुद्धा तासाभरात लखलखायचं. तिच्या हाताला कधी कुणी आळशी म्हटलं नाही. उलट झालं असेल तर एवढंच, की जे घासायचं नसतं तेही ती घासायची. एकदा तिनं मुदपाकखान्यातल्या पाट्याला टाकी लावून पाडलेल्या खाचा घासून घासून गुळगुळीत केल्या होत्या आणि आठ दिवस वाटण वाटता आलं नव्हतं. आचारी पुष्कळ बोलला, पण ठकूबाईला त्यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही.

त्या राज्याची एक रीत होती. पाडव्याच्या दिवशी राजा महालभर फिरायचा आणि ज्याच्या कामात कुठे डाग दिसणार नाही, त्याला भर दरबारात स्वतःच्या हातानं विडा द्यायचा. डाग दिसला की त्या वर्षी विडा नाही. ठकूबाईनं हा मान सलग एकोणीस वर्षं घेतला होता. एरवी मागच्या दारानं येणारी-जाणारी ही बाई त्या एका दिवशी पुढच्या दारानं दरबारात शिरायची. नवरा गेला, मूलबाळ नाही, तिच्या आयुष्यात मिरवावं असं तेवढंच होतं.

मग एका वर्षी थंडीत राणी वारली. तिच्यामागे आठ वर्षांची मुलगी राहिली, आणि परसातल्या जुन्या दगडी कुंडीत राणीनं माहेरच्या तळ्यातून आणलेले सात मासे राहिले. लहानगी राजकन्या दिवस दिवस त्या कुंडीच्या काठावर वाकून बसायची. कुणाशी फारसं बोलायची नाही, पण माशांशी पुटपुटायची. राजाला ते बघवेना. त्यानं काचकाराकडून एक मोठा हौद करवून घेतला, त्यात नदीची स्वच्छ धुतलेली वाळू आणि गोटे घातले, विहिरीचं पाणी भरलं आणि माशांना लेकीच्या दालनात आणलं. हौदाची देखभाल कुणाकडे द्यायची, हा प्रश्नच नव्हता. ती ठकूबाईकडे आली.

पहिले आठ-दहा दिवस हौद आरशासारखा होता. मग एका सकाळी ठकूबाईला काचेवर पुसट तपकिरी झाक दिसली. दुसऱ्या दिवशी ती गोट्यांवर उतरली, तिसऱ्या दिवशी वाळूवर. कुणीतरी तपकिरीची डबी उपडी केली असावी, तसा सगळा हौद दिसू लागला. बोट फिरवलं की ती लगेच निघायची, आणि दोन दिवसांत होती तशी परत धरायची.

ठकूबाईला हे सोसवेना. तिनं मासे काढून मातीच्या रांजणात ठेवले, हौद पार रिकामा केला, गोटे काथ्यानं घासले, वाळू उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली आणि काठोकाठ नवं पाणी भरलं. हौद पुन्हा चकाकला. तिसऱ्या दिवशी दोन मासे उताणे तरंगत होते.

राजकन्या रोज सकाळी उठल्या उठल्या मासे मोजायची. त्या दिवशी पाचच भरले. ठकूबाईनं मेलेले दोन आधीच पदराखाली झाकून बाहेर नेले होते. बाकीचे दोघं कुठे, असं राजकन्येनं विचारलं. ठकूबाई म्हणाली, ते दोघं आईसाहेबांकडे गेले. मुलीनं मान हलवली. रडली नाही.

तपकीर पुन्हा आली. ठकूबाईनं पुन्हा सगळं उपसलं, या वेळी दुप्पट जोर लावून घासलं. आणखी दोन मासे गेले. आता तीन उरले. पुन्हा तेच उत्तर ऐकल्यावर राजकन्येनं विचारलं, "आईकडे सगळेच जाणार का?"

त्या दिवशी ठकूबाईला जेवण गेलं नाही.

नवे मासे आणून सात पुरे करावेत, असं तिच्या मनात आलं. गेलेले परत आले म्हटलं तर मुलीला खरं वाटेल, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि नदीवर मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या भोयाला बोलावणं धाडलं. भोई आला, हौदासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला. मासे आधी कुठे होते, असं त्यानं विचारलं. ठकूबाईनं त्याला परसातली दगडी कुंडी दाखवली. तिच्या आतल्या अंगाला हिरवट, बुळबुळीत थर होता. ती कुंडी घासायला ठकूबाईचे हात वर्षानुवर्षं शिवशिवत होते, पण राणीनं तिला कधी त्या कुंडीला शिवू दिलं नव्हतं. त्याचा ठकूबाईला थोडा रागही होता.

भोयानं कुंडीतला एक बुळबुळीत दगड उचलला, तळाची मूठभर वाळू घेतली आणि आत येऊन दोन्ही हळूच नव्या हौदात सोडलं. मग म्हणाला, "बाई, ही घाण न्हाई. नव्या पाण्याला ही तपकीर धरतीच, अन् आपसूक जाती. हौद धुतल्याबिगर मरत न्हाईत मासे, धुतल्यानं मरत्यात."

ठकूबाई म्हणाली, असं कसं, मी तर कण ठेवला नाही.

"तेच तर. पाण्यात डोळ्याला न दिसणारं कायबाय ऱ्हायला येतं. माशांची घाण तेच खाऊन टाकतं. ते घर मांडतंय, अन् तुमी दर खेपेला ते उचलून बाहेर फेकताय."

पुढचं त्यानं जाता जाता सांगितलं. मासे बघता यावेत म्हणून समोरची काच मऊ फडक्यानं पुसली तर चालेल, पण वाळूला हात लावायचा नाही. आठवड्याला चार हिश्श्यांतला एकच हिस्सा पाणी बदलायचं. खाऊ चिमूटभर, तोही एकदाच. खिडकीचं ऊन पडतं तिथे पडदा ओढायचा. त्यानं नदीतल्या दोन-चार गोगलगायी आणून सोडल्या, पण मासे मात्र दिले नाहीत. तपकीर जायला सव्वा-दीड महिना तरी लागेल, म्हणाला.

पाडवा बारा दिवसांवर होता.

ते बारा दिवस ठकूबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. तपकीर दाट होत गेली. दासी येता-जाता हौदाकडे बघायच्या आणि एकमेकींना खुणावायच्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दिवाणजी येऊन स्पष्टच बोलले. उद्या पाहुण्या राजांसमोर हा चिखल दिसला तर महाराजांची शोभा होईल, संध्याकाळपर्यंत हौद लख्ख हवा.

ते गेल्यावर ठकूबाईनं काथ्या हातात घेतला. एकदाच, ती मनाशी म्हणाली, पाडव्यापुरतं. उद्यापासून भोयाचं ऐकू. कदाचित या वेळी काही होणारही नाही. तिनं बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. तिन्ही मासे दचकून मागे गेले आणि तपकीर धरलेल्या गोट्याआड एकमेकांना चिकटून उभे राहिले. ठकूबाई तशीच थांबली. तिचा हात पाण्यात गार पडला. मग तिनं तो बाहेर काढला, पुसला आणि काथ्या चुलीत टाकला.

पाडव्याला राजा पाहुण्यांसह लेकीच्या दालनात आला. पुढची काच तेवढी स्वच्छ होती. बाजूच्या काचा, वाळू, गोटे, सगळं तपकिरी झालं होतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. राजाचा चेहरा उतरला.

"ठकूबाई, हा डाग राहिला कसा?"

नजर चुकली, असं म्हणता आलं असतं. भोयाच्या माथी मारता आलं असतं. ठकूबाईनं राजाकडे नाही, राजकन्येकडे पाहिलं.

"राहिला नाही महाराज, मी राहू दिलाय. दोनदा घासून काढला आणि दोन्ही वेळा मासे मेले. चार मासे माझ्या हातानं गेले. ताईसाहेब, ते आईसाहेबांकडे गेले असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. मी भ्याले म्हणून बोलले."

राजकन्या एकटक तिच्याकडे बघत राहिली, मग उठून आतल्या खोलीत निघून गेली. रीत मोडायची राजाची तयारी नव्हती, आणि शिक्षा करायचं त्याच्या मनात आलं नाही. त्या वर्षी ठकूबाईला विडा मिळाला नाही. दरबार भरला तेव्हा ती हौदाजवळच बसून होती, आणि विडा गेल्यापेक्षा ते आतलं बंद दार तिला जास्त बोचत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक नवं काम धरलं, आणि ते तिच्या जन्मातलं सगळ्यात अवघड काम होतं. सकाळची भांडी आटोपली की ती हौदाशी येऊन फरशीवर बसायची, हात मांडीवर ठेवायची आणि काही करायची नाही. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायची, चिमूटभर खाऊ टाकायची, बस. राजकन्या दालनात असायची, पण तिच्याशी एक शब्द बोलायची नाही. ठकूबाईनंही क्षमा मागून तिचा पिच्छा पुरवला नाही. सांगायचं तेवढं एकदा सांगून झालं होतं.

पंधरा दिवस गेले. मग तपकीर विरळ व्हायला लागली. आधी वरच्या कोपऱ्यातून गेली, मग गोट्यांवरून. गोगलगायींच्या वाटा काचेवर उमटल्या. वाळूवर मधूनमधून कोवळा हिरवा रंग आला. एका सकाळी पाहावं तर सगळा हौद निवळलेला, आणि तिन्ही मासे कुठेही न लपता मधोमध फिरत होते. वाळू-गोट्यांना कुणाचा हात लागला नव्हता. ठकूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आनंदाचं होतं तसं गेलेल्या चार माशांसाठीचंही होतं.

राजकन्या आतून आली. ती हौदापाशी थांबली, माशांकडे बघितलं, मग गार फरशीवर बसलेल्या ठकूबाईकडे बघितलं. मग ती परत आत गेली आणि दोन्ही हातांनी ओढत एक पाट घेऊन आली. त्या महालात भांडी उजळणारीला आजवर कुणी पाट मांडला नव्हता.

"यावर बस," ती म्हणाली, आणि तिला खेटून स्वतःही त्याच पाटावर बसली.

तात्पर्य इतकंच, की नव्यानं मांडलेल्या घराला रुळायला वेळ लागतो. त्या वेळात जे दिसतं ते डाग समजून खरवडत बसलो, तर डागाबरोबर आतला जीवही जातो. आणि आपल्या हातून गेलेलं झाकून ठेवण्यापेक्षा कबूल करून, हात आवरून बसणं पुष्कळ कठीण असलं, तरी तुटलेली माया त्यानंच परत जुळते.