अनशाक्काचं कागदाचं छप्पर

तुमच्या आज्यांच्याही आज्या परकर नेसत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. सांजखेडात तेव्हा घरं दगडाची आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर हातभर जाड मातीचं छत. उन्हाळ्यात गार, पण फार जड.

एका झडीच्या पावसात अनशाक्काचं माळवद खचलं आणि पाळण्यातली तिची लेक त्याखाली गेली. अक्का तेव्हा पाण्याला गेली होती. असं म्हणतात, की ती रडली नाही. हातांनी माती उपसत राहिली, आणि लेकीला पुरून आल्यावर त्या मातीकडं नुसती बघत बसली.

मग ती बाजाराच्या दिवशी रद्दी वेचू लागली. चहाची खोकी, काडेपेट्यांचे पुठ्ठे, पुड्यांचे कागद. सारं रांजणात भिजवायची, उखळात कुटायची, मेथीचं पीठ, पांढरी माती आणि चुना घालून मळायची. बाया अशा लगद्यानं टोपल्या लिंपत. अक्कानं त्याच्या फरश्या थापल्या. वाळल्यावर एकेक फरशी पोळपाटासारखी हातावर तोलावी, इतकी हलकी. बांबूंवर त्या मांडल्या, वरून चुना आणि जवसाचं तेल दिलं, आणि घर झाकलं.

गाव हसलं. संतू गवंडी म्हणाला, "अनशे, पावसात घर विरघळलं तर पातेल्यात धरशील का गं?"

"विरघळलं तर पुन्हा मळीन, दादा. पण लेकरावर पडलं, तर लेकरू उठून बसंल."

पाऊस आला आणि गेला, छप्पर जागचं हललं नाही. असं म्हणतात, की त्या छपराखाली नेलं की किरकिरं बाळसुद्धा शांत व्हायचं. म्हणून बाळंतिणी तिथं येऊन बसू लागल्या, आणि गावातली बारशीही तिथंच होऊ लागली.

संतूच्या नातीचं बारसं होतं. भर दुपार. साऱ्या बाया, लेकरं, म्हातारीकोतारी अक्काच्या घरात दाटीनं बसलेली, गडीमाणसं रानात. एकाएकी पाखरं गप्प झाली. जमिनीच्या पोटातून हजार गाड्या धावाव्यात तसा आवाज आला, आणि भुई हलली. माळवदं धडाधड बसली. धुळीनं सूर्य झाकला.

संतू धावत आला, तर गाव नव्हतं. अक्काच्या घराच्या भिंती बाहेरच्या अंगाला पडल्या होत्या आणि मधे पांढरा ढीग होता. तो हाका मारू लागला.

"अक्का! अनशाक्का!"

ढीग हलला. एक फरशी सरकली आणि चुन्यानं माखलेली बाई उठून उभी राहिली. मग दुसरी. मग लेकरं, खोकत, डोळे चोळत. सगळ्यांत शेवटी अक्का निघाली. पदराखाली संतूची नात होती, गाढ झोपलेली. असं म्हणतात, की पोरीला जागसुद्धा आली नव्हती. आणि पडलेल्या प्रत्येक फरशीच्या खालच्या अंगाला, वर तोलून धरल्यासारखे, दोन तळव्यांचे ठसे होते. एका बाईनं एवढी फरशी धरली कशी, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

संतूनं तिचे पाय धरले. "अक्का, मला मळायला शिकव."

तिनं त्याला शिकवलं, गावाला शिकवलं, आणि मग ती दुसऱ्या गावांना शिकवायला निघून गेली. ती कुठं थकली, कुठं निजली, कुणालाच ठाऊक नाही.

आजही सांजखेडात कुणी घर बांधायला काढलं, की घराघरातून रद्दी येते: लग्नपत्रिका, औषधांची खोकी, पोरांच्या जुन्या वह्या. छप्पर पुरं झालं, की गावातलं सगळ्यांत तान्हं बाळ त्याखाली निजवतात. आई उंबऱ्याबाहेर थांबते, कुणी बोलत नाही. बाळाला झोप लागली, की "अक्का, राखलंस" असं सगळे म्हणतात, आणि मगच त्या घरात चूल पेटते.