भिवराबाईचं नाक

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राज्यं लहान होती आणि आठवडी बाजार मोठे होते. अशाच एका राज्यातल्या गावात भिवराबाई नावाची तेलीण राहत होती. नवरा सोपान घाणा चालवायचा, ती तेल विकायची. तिचं हसणं वेशीपर्यंत ऐकू जायचं.

घासाघीस करण्यात तिचा हात कुणी धरत नसे. कोथिंबीर घेतली की मिरच्या फुकट, मडकं घेतलं की झाकण फुकट. भाव पाडला की तिचा दिवस गोड जायचा.

एक गोष्ट मात्र तिला सलायची. तिचं नाक बसकं होतं. लेकीचं, चंपाचं लग्न ठरलं आणि तिच्या मनात आलं, 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे तर नवरीची आईच नकटी. वरपक्षाच्या बायका काय म्हणतील?'

ती राजधानीतल्या वैद्यबाईंकडे गेली. नाकाकानाच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव होतं. त्यांनी नाक चाचपलं, नाडी पाहिली.

"नाक उंच करता येईल," त्या म्हणाल्या, "पण लग्न होऊन जाऊ दे. जखम भरायला वेळ लागतो. इथे येऊन राहावं लागेल, रोज पट्टी बदलावी लागेल. आणि खरं सांगू? नाही केलंस तरी तुझं काही अडत नाही."

खर्च ऐकून भिवराबाईने सवयीने निम्मा सांगितला.

"नाकाची घासाघीस नको, बाई," वैद्यबाई हसून म्हणाल्या.

भिवराबाई रुसून परतली. पुढच्या बाजारात पाहते तर एक रंगीत तंबू. आत मोठा आरसा आणि रेशमी फेटेवाला माणूस. "आज नाक बसवा, उद्या मिरवा," तो सांगत होता. "आत हस्तिदंताची पट्टी घालतो."

भिवराबाईने भाव पाडायला सुरुवात केली. ती जो आकडा सांगेल त्याला तो मान डोलवत गेला. एवढ्या सहज कुणी ऐकतं का, हे तिच्या मनातही आलं नाही. त्याने कसलासा कडू काढा पाजला, सुरी धोतराला पुसली आणि काम उरकलं.

दोन दिवस भिवराबाईचे पाय जमिनीवर नव्हते. पाणी भरलेलं असूनही ती विहिरीवर चकरा मारत होती. मग नाक लाल झालं, वांग्यासारखं सुजलं आणि ताप भरला. सोपान बाजारतळावर धावला. तंबूच्या जागी खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती.

त्याने बैलगाडी जुंपली आणि तिला राजधानीकडे नेलं.

"अहो, रागवा तरी माझ्यावर," ती वाटेत म्हणाली.

"आधी बरी हो. रागवायला जन्म पडलाय," सोपान म्हणाला आणि बैल पिटाळले.

वैद्यबाईंनी नाक उघडलं. आत मेणाचा बोळा होता.

"तू भाव पाडत गेलीस, तसा तो एकेक गोष्ट सोडत गेला," त्या म्हणाल्या. "आधी हस्तिदंत सोडला, मग सुरी उकळणं सोडलं, मग पट्ट्या बदलणं सोडलं."

"आणि शेवटी गावच सोडलं," भिवराबाई कण्हत म्हणाली. तेवढ्यातही सोपानला हसू आलं.

जीव वाचला. नाक मात्र पहिल्याहून बसकं झालं आणि त्यावर आडवा व्रण राहिला. लग्नाच्या दिवशी ती माजघरात दडून बसली. चंपा म्हणाली, "आई बाहेर आल्याशिवाय मी बोहल्यावर चढायची नाही." तेव्हा कुठे ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून मांडवात आली.

विहीणबाई दणकट आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांचे दात थोडे पुढे होते. "नाकाला काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

घाण्याचं फिरतं लाकूड लागलं, असं सांगता आलं असतं. पण भिवराबाईने पदर मागे सारला आणि तंबूपासून मेणापर्यंत सगळं सांगून टाकलं.

विहीणबाई जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "रेशमी फेटा होता का त्याचा? सध्या आमच्या गावात आलाय. चार दिवसांनी दात मागे बसवून द्यायचं कबूल केलंय त्याने. फार स्वस्तात."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आधी भिवराबाईला हसू फुटलं, मग विहिणीला. दोघी इतक्या हसल्या की अंतरपाट धरणारेही हसू लागले आणि भटजी मंगलाष्टकं विसरले.

चार दिवसांनी दोघी विहिणी त्या तंबूत गेल्या. मागे गावभरच्या बायका होत्या. "तू बरी केलेली माणसं दाखव. जखम पिकली तर कुठे सापडशील ते सांग," भिवराबाई म्हणाली. तो तंबूच्या मागच्या बाजूने निसटू लागला. बायकांनी त्याला पाटलाच्या हवाली केलं आणि गाणी म्हणत घरी गेल्या.

तात्पर्य: अंगाला सुरी लावणाऱ्याची लायकी आधी विचारावी, भाव मागाहून.