एका वेणीचं काजळ

एका राज्यात अशी रीत होती, की दुकानदारानं भाव तोंडानं सांगायचा नाही. दुकानाच्या माथ्यावर राजाच्या शिक्क्याची लाकडी पाटी, पाटीवर भाव, आणि पाटीवरच्या दांडीवर राजाची मैना. पाटीवर असेल तेवढंच मैनेनं बोलायचं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. गिऱ्हाइकानं किंमत दिली, की दुकानदारानं त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ हातावर पडण्याआधी दुकानदार म्हणू शके, "अहो, पाटी चुकली, भाव असा नाही," आणि गिऱ्हाईक म्हणू शके, "मग राहू दे तुझा माल तुझ्यापाशी." गूळ पडल्यावर मात्र दोघांनीही ब्र काढायचा नाही. सौदा पुरा.

अशा सरळ राज्यात कुणी कुणाला फसवील, असं स्वप्नात तरी येईल का? पण ऐका तर खरं.

त्या राज्यात धुरपदा नावाची बाई राही. लाखेच्या बांगड्या करी. रोज तापलेली लाख चिमटीत धरून धरून तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक दगडासारखं टणक झालं होतं. तिला एकच लेक, पोवळी. आठ वर्षांची, जन्मापासून आंधळी. घरात कुणीही शिरलं, की पोवळी आधी हात पुढं करी, आईचा अंगठा चाचपी, आणि मगच म्हणे, "आलीस होय!" बाकी कुणाच्या हाताला ती बधत नसे.

एके दिवशी धुरपदा बाजाराच्या टोकाला गेली. तिथं झांबरशेटचं दुकान. झांबरशेट जादूगार आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, जसा कुणी तेली तसा हा जादूगार. त्याच्याकडे नाणं चालत नसे. कुणाकडून तो मूठभर जोंधळे घेई, कुणाकडून एक गाणं. दांडीवरची मैना ओरडत होती, "आंधळ्याला दृष्टी देणारं काजळ! किंमत एक वेणी! एक वेणी!"

धुरपदा जागच्या जागी खिळली. तिचे केस गुडघ्यापर्यंत पोचत.

"शेट, मैना बोलते ते खरं?" तिनं विचारलं.

"पाटी वाचा, बाई," झांबरशेट म्हणाला.

तिनं पाटी वाचली. एक वेणी. तिनं पुन्हा विचारलं नाही. शेटनं कात्री चालवली, वेणी खुंटीला टांगली, काजळाची डबी तिच्या हातात दिली आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवला. धुरपदा भुंड्या डोक्यानं घरी पळाली. लोक हसले. हसेनात का!

गुळाचा खडा तिनं पोवळीच्या तोंडात घातला. "शेटनं दिलाय गं, सौद्याचा गूळ. गोड आहे ना?" मग अंगठ्यानं तिच्या दोन्ही डोळ्यांत काजळ घातलं. पोवळीनं पापण्या मिटल्या, फडफडवल्या, उघडल्या. तिनं भिंत पाहिली. उन्हाचा कवडसा पाहिला. स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. एवढ्यात पोवळीनं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरली.

"तुम्ही कोण?"

अहो, काय वाटलं असेल त्या माउलीला! "अगं, मी आई तुझी!" म्हणत ती पुढं झाली, तशी पोर किंचाळत कोपऱ्यात शिरली. आवाज ऐकून शेजारीण धावत आली. बारा वर्षांपासूनची शेजारीण, रोजची मीठ-मिरचीची देवाणघेवाण. तिनं धुरपदाकडे पाहिलं आणि पदर खोचला. "कोण गं तू भवाने? धुरपदाच्या घरात शिरून तिच्या लेकराला भेवडवतेस? चल, नीघ!" आणि शेजारणीनं धुरपदाला धुरपदाच्याच घरातून हाताला धरून बाहेर काढलं.

धुरपदा रस्त्यात उभी राहिली. ओळखीचा प्रत्येक माणूस तिच्याकडे पाही आणि परक्यासारखा पुढं जाई. हे काय झालं, कसं झालं, कुणी केलं? मग तिला एकच दार सुचलं. ती तडक झांबरशेटच्या दुकानी गेली.

झांबरशेट तराजू पुसत होता. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं हकिकत सांगितली, तेव्हा मान डोलावली. "हां, हां. ते काजळ होय. राग नको, बाई. पाटी चुकली होती. काजळाची खरी किंमत वेणी नव्हे, चेहरा. कमी पडलं तेवढं वसूल केलं. आता जो तुझ्याकडे बघेल, त्याला तू परकी. व्यवहार आहे."

आणि वरून मैना ओरडली, "किंमत चेहरा! किंमत चेहरा!" पाटीवर ताजा रंग ओला होता.

"आधी का नाही सांगितलंत? मी काजळ घेतलंच नसतं!"

"चूक कुणाच्या हातून होत नाही?" शेट म्हणाला. "वाटल्यास मुलीची दृष्टी परत आण. चेहरा परत देतो."

पोवळीनं कवडसा कसा पाहिला होता, ते धुरपदाच्या डोळ्यांपुढं आलं. "नाही," ती म्हणाली. "सौदा झालाय. वेणी तुमची, दृष्टी तिची, चेहरा माझा." आणि ती राजवाड्याची वाट चालू लागली.

राजा मेघवर्मा न्यायाला बसला होता. हा राजा मोठा कठोर म्हणून गाजलेला. राजमाता गेली तेव्हा साऱ्या नगरीनं टाहो फोडला, पण राजाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भाट म्हणत, काय हे धैर्य! बायका म्हणत, काय हा दगड!

राजानं तक्रार ऐकली. "बाई, बाजाराची तक्रार बाजार उठायच्या आत मिटली पाहिजे. सूर्य मावळला, की जे झालं ते कायम. तोवर तीन गोष्टी सिद्ध कर. पाटीवर काय भाव होता, ते दाखव. गूळ हातावर पडला होता, ते दाखव. आणि गिऱ्हाईक तूच होतीस, ते दाखव."

"दाखवते, महाराज."

राजानं पाटी, मैना, शेट आणि मुलगी आणायला एक शिपाई दिला. आता पाहा गंमत. शिपाई चार पावलं चाले, मागं वळून पाही आणि खेकसे, "ए बाई, माझ्या मागं का येतेस? कोण तू?" धुरपदा सगळं पुन्हा सांगे. पुन्हा चार पावलं, पुन्हा तेच. शेवटी ती कळवळून म्हणाली, "दादा, देवासाठी मागं बघू नका. नुसते माझ्याशी बोलत चला." शिपाई पुढं पाहत बोलत राहिला, आणि नवल असं, की बाजार येईपर्यंत त्यानं एकदाही विचारलं नाही, कोण तू. उलट आपल्या सासूचं गाऱ्हाणंसुद्धा सांगून टाकलं. धुरपदाच्या मनात काहीतरी लकाकलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा सगळे दरबारात उभे होते. झांबरशेट हात जोडून म्हणाला, "महाराज, पाटी समोर आहे. किंमत चेहरा."

"किंमत चेहरा!" मैना म्हणाली.

धुरपदानं घंगाळभर पाणी मागवलं आणि पाटीवर ओतलं. ओला रंग वाहून गेला. त्याच्याखालून जुनी अक्षरं वर आली, आणि मैनेनं गळा फुगवून ती वाचली, "किंमत एक वेणी!"

दरबार पुटपुटला. पण पाणी थांबेना. ते आणखी खाली झिरपलं, जुन्या रंगाखालच्या जुन्या रंगापर्यंत. आणि राजाची मैना, पाटीवर असेल ते बोलायचं एवढंच जिला ठाऊक, ती बोलत सुटली. "किंमत साळ्याची झोप! किंमत एक लिंबू! किंमत सुतारणीचं हसू! किंमत मूठभर जोंधळे!" प्रत्येक खऱ्या भावावर शेटनं नंतर दुसरा भाव रंगवला होता. दरबारातला साळी मटकन खाली बसला; कित्येक वर्षं त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि तो वैद्यांना दोष देत आला होता. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. आणि मैना ओरडली,

"किंमत राजाची आसवं! किंमत एक मोती!"

राजा मेघवर्मा सिंहासनावरून अर्धा उठला होता.

"महाराज, आपणही?" प्रधानाच्या तोंडून निसटलं.

राजाचा चेहरा उतरला. "लढाईच्या साली मी याच्याकडून विजयाचं निशाण घेतलं," तो हळू म्हणाला. "मोती देऊन. नंतर आई गेली, आणि मला रडता येईना. मला कळलं होतं. पण राजानं बाजारात फसलो म्हणून ओरडायचं कसं?"

झांबरशेट मात्र हलला नाही. "भाव बदलला, मान्य. गुळाआधी भाव बदलायची मुभा कायद्यानंच दिली आहे. मी गूळ दिलाच नव्हता."

"दिला होता," कोपऱ्यातून बारीक आवाज आला. पोवळी होती. शेजारणीचा पदर धरून उभी. "आईनं मला खाऊ घातला. म्हणाली, शेटनं दिलाय, सौद्याचा गूळ."

"शाबास!" झांबरशेट हसला. "आणि कुठं आहे गं तुझी आई? दाखव बघू."

पोवळीनं साऱ्या दरबारावर नजर फिरवली. धुरपदावर ती नजर आली आणि तशीच पुढं गेली. "माहीत नाही," पोवळी म्हणाली.

"झालं तर," शेट म्हणाला. "गिऱ्हाईकच नाही, तर तक्रार कुणाची?"

खिडकीतलं ऊन पार तांबूस झालं होतं. धुरपदा लेकीपुढं गुडघ्यांवर बसली. पोर मागं सरली.

"बाळा, घाबरू नकोस. फक्त डोळे मीट."

"नको! तुम्ही कोण? मला नाही मिटायचे."

"मिटूच नकोस, पोरी," झांबरशेट गोड आवाजात म्हणाला. "पहिल्याच दिवशी मिटलेस, तर पुन्हा उघडणार नाहीत."

केवढी दुष्ट थाप! पण लेकराला काय कळणार? काजळ डोळ्यांत जाऊन अर्धा दिवसही झाला नव्हता. पोवळीनं खिडकीकडे पाहिलं, मैनेच्या पिवळ्या चोचीकडे पाहिलं, राजाच्या मुकुटाकडे पाहिलं. हावऱ्यासारखं सगळं पाहून घेतलं. धुरपदाला वाटलं, राहू दे. नाही ओळखलं तर नाही. दिसतंय ना तिला.

"मिटले, तर माझी आई येईल?" पोवळीनं विचारलं.

"येईल," धुरपदा म्हणाली.

पोवळीनं डोळे घट्ट मिटले आणि सवयीनं हात पुढं केला. धुरपदानं आपला हात त्यात दिला. पोवळीनं अंगठा चाचपला. टणक टोक. नखाशी चिकटलेली लाख.

"आलीस होय!" पोवळी ओरडली. "अगं, कुठं होतीस तू? मला एकटीला टाकून कुठं गेली होतीस?" आणि डोळे न उघडता ती आईच्या गळ्यात पडली.

राजा उभा राहिला. "भाव दिसला, गूळ पडला, गिऱ्हाईक सापडलं. माझा निवाडा ऐका. पाटीवर दाखवली तीच किंमत. गूळ दिल्यावर जे जे घेतलं, ते ते ज्याचं त्याला परत."

निवाडा पुरा झाला, तसा बाजाराच्या टोकाकडून, झांबरशेटनं वसूल केलेलं ज्यांत कोंडलं होतं त्या बरण्या फुटल्याचा आवाज आला. साळी उभ्या उभ्या घोरायला लागला. सुतारीण फिदीफिदी हसत सुटली, तिला थांबताच येईना. आणि राजा मेघवर्मा सिंहासनाच्या पायरीवर बसला, दोन्ही हातांत तोंड लपवून "आई, आई" करत लहान मुलासारखा रडला. कुणी त्याला आवरलं नाही. सारी वसुली हातची गेली तसा झांबरशेट बघता बघता आक्रसला, त्याला पिसं फुटली, आणि तो फडफडत मैनेच्या दांडीवर जाऊन बसला. तेव्हापासून पाटीवर असेल तेवढंच त्याला बोलता येतं. मैनेला राजानं आमराई दिली.

धुरपदा लेकीच्या कानाशी म्हणाली, "आता उघड डोळे."

"उघडतील?"

"उघडतील. ते तुझेच आहेत. मी किंमत दिलीय."

पोवळीनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं बोटानं पाहिलं आणि डोळ्यांनी ताडून घेतलं.

"अशी दिसतेस होय तू!" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, उंच असशील. आणि तुझे केस गं कुठं गेले?"

"तुझ्या डोळ्यांना दिले."

पोवळीनं थोडा विचार केला. "येतील परत," ती म्हणाली, आणि आईचा अंगठा धरून तिला घराकडे घेऊन चालली. बाहेर दिवस मावळत होता, आणि दर दहा पावलांवर ती थांबून आईकडे मान वर करून पाहत होती.