भुकेली गोधडी

एकदा काय झालं, एका गावात साथ आली आणि घरोघरची पोरं घेऊन गेली. तिच्या मागोमाग, बरं का, झोपही गाव सोडून गेली. कुणाचा डोळा लागेना. माणसं झिजून झिजून मरायला लागली.

त्या गावात होती तुळसा. तिचा पोरगा भिका साथीत गेला. देवाकडे भीक मागून झालेला, म्हणून भिका. देवानं घातलेली भीक परत नेली. मागं राहिली धाकटी यमी. झोपेवाचून तिचे डोळे खोल गेले होते. आता हीही जाते, हे तुळसाला दिसत होतं.

मग तुळसा झोपेला शोधायला निघाली. झोप भेटली शिवेवर. एवढीशी म्हातारी, कुडकुडत बसलेली. म्हणाली, रिकामी अंथरुणं बघून हुडहुडी भरलीय, ऊब दे, मग येते.

तुळसानं घरून लग्नातला शालू आणून तिच्या अंगावर घातला. थंडी जाईना. मग कधीच वारलेल्या नवऱ्याची घोंगडी घातली. तरी जाईना.

म्हातारी हळूच म्हणाली, "पेटीत भिक्याचे कपडे आहेत ना? त्यांची गोधडी शिव."

तुळसानं घरी येऊन पेटी उघडली. त्या कपड्यांना अजून त्याचा वास होता. त्यांना कात्री लावायची? पण यमीकडे बघितलं आणि लावली. पहिला सदरा कापताना ती हंबरडा फोडून रडली. तोवर तिला रडूच आलं नव्हतं. मग टाके घालत गेली. इथं त्याची शेळी काढली, इथं तो ज्यावरून पडला होता ते जांभळीचं झाड. एकदा तर त्याची खोडी आठवून हसू आलं, आणि आपण हसलो म्हणून स्वतःचा रागही आला.

गोधडी झाली. शिवेवर नेऊन म्हातारीला पांघरली, तरी ती कुडकुडतच राहिली.

म्हातारी म्हणाली, "बाई, हिला उपाशीच ठेवलीस की."

खरंच की. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायचा असतो. नाहीतर ती भुकेली राहते, ऊब देत नाही. पण भिका गेल्यापासून तुळसाच्या घरी चूलच पेटली नव्हती. शेजारीण काही आणून द्यायची, त्यावर यमी जगायची.

मग तुळसानं घरी येऊन चूल पेटवली, भाकरी थापली. कोपरा उसवून तुकडा आत शिवला. उरलेली भाकरी मायलेकींनी खाल्ली. आता शिवेवर नेऊन गोधडी घालताच म्हातारीची हुडहुडी गेली. ती तुळसामागून घरी आली, यमीच्या उशाशी बसली आणि अर्धी गोधडी तिच्यावर ओढली. पोरीचा डोळा लागला.

सकाळी दारात बायका उभ्या, प्रत्येकीच्या हातात एक गाठोडं. तुळसानं सगळ्यांना सुया ओवून दिल्या. कुणाचं पोर परत आलं नाही, बाळांनो, खोटं कशाला सांगू? पण गाव निजायला लागलं, उठायला लागलं, आणि पुढं सगळी सुखानं जगली.

निजा आता. पाय आत घ्या. म्हातारी आपल्या दाराशी आलीय.