आंधळ्या आवडूची बुडी

फार वर्षांपूर्वी, वेरळकोंडला जेटी नव्हती की दिव्याचा खांब नव्हता, तेव्हा तिथे आवडू नावाची बाई होती. सारं गाव मिळून ओढतं ते मोठं जाळं, म्हणजे रापण, तळाच्या खडकात अडकली की आवडू बुडी मारून सोडवायची. काम तिच्या नवऱ्याचं. तो गेला, काम राहिलं, चार पोरंही राहिली. लोक म्हणतात, तिला समुद्राची ओढ होती. कसली ओढ? पोटाची होती.

दहा वर्षं खाऱ्या पाण्यात उघडे ठेवून डोळे विझत आले. गावाने ठरवलं, आंधळीला पाठवायचं नाही. बुडी बंद, म्हणजे माशांचा वाटा बंद. मग पोरांनी खायचं काय? ते कोणी बोललं नाही.

पण नजर पुरती जायच्या आधी तिने तळाला एक पाहिलं होतं, असं म्हणतात. बोटाएवढी कोळंबी वाळूत बीळ उकरत होती. त्या कोळंबीला धड दिसत नव्हतं. बिळाच्या तोंडाशी एक बारका मासा राखणीला. कोळंबी बाहेर आली की आपली मिशी माशाच्या अंगाला लावूनच काम करायची. माशाने शेपूट झटकली की ती आत, आणि तिच्या मागोमाग मासाही आत.

आवडू नणंदेकडे गेली. द्वारकी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि दोघींचं कधी पटलं नव्हतं. आवडूने तिला त्या कोळंबीचं आणि माशाचं सांगितलं, मग म्हणाली,

"माझ्या कमरेला दोर बांधते. वर होडीत तू बस. वाईट दिसलं तर दोन हिसके दे."

"आता कोळंबीकडून शिकायचं राहिलं होतं, वहिनी!"

"कोळंबी बरी गो. काम करताना तोंड चालवत नाही."

द्वारकी बसली.

त्या दिवशी रापण अशी अडकली की सकाळपासून ओढून सगळ्यांचे तळहात सोलले. वारा चढत होता. आंधळी खाली निघाली तरी कोणी अडवलं नाही. अडवायला अंगात जीव कुठे होता?

मग बाहेरून काळी लाट उठली. द्वारकीने दोन हिसके दिले. खाली आवडू खडकाच्या कपारीत शिरली. लाटेने होडी उलटी केली, पण द्वारकीने पाण्यातही दोर मनगटाला गुंडाळला.

"सोड द्वारके, मेली ती!" किनाऱ्यावरून पुरुष ओरडले.

"तुम्ही जा घरी, जेवा!" ती ओरडली.

तळाच्या साऱ्या कोळंब्या नांग्या वाजवू लागल्या, टक टक, आणि त्या आवाजामागे चाचपडत आवडूने जाळं सोडवलं, असं म्हणतात. सूर्य बांबूभर उतरला तेव्हा ती वर आली. एवढा वेळ माणूस पाण्याखाली राहतं का? मला विचारू नका.

द्वारकीचं मनगट हाडापर्यंत कापलं होतं.

"दुखतंय का गो?"

"दुखतंय. चल आता, मी दमले."

गावाने पहिला वाटा आवडूपुढे ठेवला. तिने तो द्वारकीकडे सरकवला. म्हणाली, "मी नुसती बुडले."

वेरळकोंडला तिचं देऊळ नाही, जत्रा नाही. पण अजूनही कोणी बुडी मारतं तेव्हा दोर बाईच धरते, आणि पहिला वाटा तिचा. दोर सोडला की ती सरळ घरी जाऊन झोपते. त्या दिवशी तिच्या घरचं रांधणं, भांडी, पाणी, सगळं शेजारणी करतात, आवडूच्या नावाने. आणि तिला कोणी उठवत नाही.