करकोच्याची सावली

आभाळ भरलेलं असतानाही दादाला उभं का ठेवता? त्या राज्यात धाकट्या करकोच्याने हे दिसेल त्याला विचारलं.

वर बघणं तिथे गावंढळपणाचं समजत. चौकात दगडांचं रिंगण होतं आणि मधोमध खोबणीत पाय रोवून थोरला करकोचा उभा असे. त्याची सावली ज्या दगडावर जाईल ते काम सुरू होई. दरबाराच्या दगडावर दरबार, जेवणाच्या दगडावर जेवण, दिव्याच्या दगडावर दिवे. पोटात कावळे ओरडत असले तरी बैल आधी दगड बघून येत आणि मगच चाऱ्याला तोंड लावत. सावलीवर रोज फुलं पडत. ती सावली ज्याची होती त्याला पाणी पाजायला मात्र धाकट्याशिवाय कोणी नव्हतं.

एकदा ढग हटेचनात. त्या दिवसांत थोरला उभ्याउभ्या मेला. धाकट्याने पाजलेलं पाणी त्याच्या चोचीतून तसंच बाहेर ओघळलं, तेव्हा त्याला कळलं.

ऊन पडताच तो घोरपड कारभारणीकडे धावला. दादाला खाली घेऊ द्या म्हणून तिच्या पाया पडला. घोरपड चौकात आली आणि खाली मान घालून सावली बघू लागली.

"चांगली सरळ पडलीय की."

"बाई, त्याच्याकडे बघा. मुंग्या लागल्यात त्याला."

"त्याच्याकडे बघून वेळ कळते का रे? उलट आता बरा उभा आहे. आधी सारखा पाय बदलायचा, आमची जेवणं मागेपुढे व्हायची."

बघे हसले. गेलेल्याची सावली एवढी ठसठशीत असते होय, असं एक बोकड म्हणाला. शेवटी घोरपडीने उपकार केल्यासारखं सांगितलं, दिवे लागले, सगळे झोपले की ने त्याला. खोबण मात्र रिकामी राहता कामा नये. सकाळी तू उभा राहा.

एवढा धीर धाकट्याकडे कुठला? सूर्य माथ्यावर होता आणि मुंग्या दादाच्या मानेपर्यंत चढल्या होत्या. त्याने दादाचा पाय खोबणीतून उपटला, त्याला पाठीवर घेतलं आणि तडक जाऊन दिव्याच्या दगडाला खेटून उभा राहिला.

दगडावर सावली पडली. तिला दोन माना होत्या. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

"आज दिवस लवकर सरला," म्हणत घोरपडीने दिवा लावला. मग घरोघर दिवे लागले. बैल उपाशीच आडवे झाले. डोळ्यांवर ऊन येतंय म्हणणाऱ्या करडाला बोकडाने दटावून झोपवलं.

शेवटचं दार लागेपर्यंत धाकटा हलला नाही. मग पंख पसरून तो उडाला. घोरपड अंगणातल्या तापलेल्या खडकावर पडून कूस बदलत होती. पंखांचा आवाज ऐकून तिने डोळे न उघडताच विचारलं, "सकाळ झाली का रे?"

"नाही, बाई. झोपा तुम्ही."

तिने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.